चार चुलींचा नकाशा

स्वयंपाकघराचा नकाशा आपण स्वतःच काढायचा, असं अश्वजित रंगारीनं ठरवलं तेव्हा त्याला कोणी अडवलं नाही. याचं नवल त्याला आजही वाटतं. घरात चार बायका, एक काका, शेजारपाजार भरपूर, आणि एकालाही असं म्हणावंसं वाटलं नाही, की बाबा रे, तू कारखान्यात नटबोल्ट मोजतोस, तेच मोज.

वरठीच्या कारखान्यात तो स्टोअरमध्ये होता. तिथं प्रत्येक वस्तूला खण, खणाला नंबर आणि नंबराला कार्ड. अकरा वर्षांत त्याच्या हातून एक वॉशर इकडचा तिकडे झाला नव्हता. (एकदा झाला होता. तो त्यानं स्वतःच शोधून काढला आणि स्वतःविरुद्ध लेखी रिपोर्ट दिला.) अशा माणसाचा हळूहळू समज होतो, की जगातली सगळी भांडणं वस्तू जागेवर नसल्यामुळेच होतात. आणि त्याच्या घरात तर रोज भांडणं होत होती.

घरात रांधणाऱ्या चौघी. सगळ्यात थोरली आजी, धुरपताबाई. वय ऐंशीच्या पुढे, नेमकं किती ते तिलाही ठाऊक नाही, पण सुक्या झिंग्यांची चटणी करावी तर तिनंच. तिच्याखाली आई, रत्नमाला. ती अंगणवाडीतून नुकतीच रिटायर झालेली, बांध्यानं बुटकी, आणि अजूनही घरच्या सगळ्यांशी पाच वर्षांच्या पोरांशी बोलावं तशी बोलायची. मग चंद्रकलाकाकू, चिंधूकाकांची बायको. ती डावखुरी, अंगानं दणकट आणि बोलण्यात त्याहून दणकट. शेवटी रीना, अश्वजितची बायको, माहेर नागपूरचं, उंची पाच फूट सात इंच. (अश्वजितची उंची इथं सांगण्याचं कारण नाही.) चौघीही सुगरणी. हीच खरी अडचण होती. एकीला तरी स्वयंपाक येत नसता तर घर सुखात राहिलं असतं.

जुनं स्वयंपाकघर कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपराचं, आठ बाय दहाचं, त्यात निम्मी जागा धुराची. काकू डाव्या हातानं ढवळायची, आई उजव्या हातानं. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की काकूचा डावा कोपर आणि आईचा उजवा कोपर एकमेकांना भेटल्याशिवाय भाजी होत नसे. आजी खाली बसून पावशीवर, म्हणजे विळीवर, सांभार म्हणजे कोथिंबीर चिरायची, आणि मागं सरकणारा प्रत्येक जण तिला अडखळायचा. रीनाचं डोकं वरच्या फळीला लागायचं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते खरं, पण त्या चुलींभोवती फिरायला थोडी तरी जागा असते.

धान कापून झालं आणि एका रविवारी लाखोरीची दाळ शिजली. आजीनं तिच्यात मीठ टाकलं. आजीला आता आठवत नाही, म्हणून आईनं टाकलं. आई घाईत विसरली असणार, म्हणून काकूनं टाकलं. रीनानं चव पाहिली, पण तिला त्या दिवशी सर्दी होती, म्हणून तिनंही टाकलं. पहिला घास चिंधूकाकांनी घेतला. ते फार कमी बोलणारे. त्यांनी घास गिळला, तांब्याभर पाणी प्यायले आणि उठून कोठ्यात बैलांजवळ जाऊन बसले.

मग जे व्हायचं ते झालं. त्या घरात भांडण नवीन नव्हतं, पण शेवटी काकू जे बोलली ते नवीन होतं.

"नवीन सैपाकघर बांधून राहिले ना तुमी? बांधा. पण माझी चूल येगळी राहीन, सांगून ठेवतो."

आईनं वाढायची पळी खाली ठेवली. कारण त्या गावात घरं मोजत नाहीत, चुली मोजतात. एका छपराखाली तीन भाऊ राहिले तरी चूल एक असेल तर घर एक. चूल वेगळी झाली की सख्खे भाऊ दोन घरचे. मग लग्नाचा नेवता दोनदा येतो, आणि एका अंगणातून दुसऱ्या अंगणात भाजीची वाटी झाकून पाठवावी लागते.

आजीचा हात ताटातच थांबला. ती म्हणाली, "चूल फुटली तं मी कोनाच्या घरची हून जेवू?"

आजीनं ताटातच हात धुतला आणि ती भिंतीला धरून उठली. अश्वजितला एकदम लहानपण आठवलं. तो लहान असताना आई नऊच्या ठोक्याला अंगणवाडीत जायची, आणि त्याला भरवायची काकू. डाव्या हातानं. शाळेत जाईपर्यंत त्याला वाटायचं, की भात डाव्या हातानंच कालवतात. आता त्याच काकूच्या दारात पाहुण्यासारखं उभं राहायचं आणि 'नको नको, जेवून आलो' म्हणायचं? त्याला भीती वाटली. साधी, लहान पोराला वाटते तशी भीती.

म्हणून त्यानं ठरवलं, की नवं स्वयंपाकघर असं बांधायचं की चौघी त्यात सुखानं रांधतील आणि चूल एकच राहील. त्याला फक्त नीट नकाशा लागेल.

त्यानं मोबाईलवर सतरा व्हिडिओ पाहिले. त्यातून त्याला कळलं, की ओटा हा कोपराच्या चार इंच खाली असावा. लगेच कारखान्यातला स्टीलचा टेप घेऊन तो एकेकीकडे गेला, एकटीला गाठून, गुपचूप.

आजी म्हणाली, "मले काय मोजतं बाप्पा? मेल्यावर मोजजो. मी खाली बसून रांधतो. हातभर जागा ठेव, झालं."

आई म्हणाली, "मला काही नको रे बेटा. ओटा तेवढा बुटका ठेवजो. अन् चंद्रकलाचा कोपर मले लागला नाही पायजे. रात्री दुखते इथं. पण तिले सांगू नको हं, शहाणा बाळ आहे ना तू."

काकू म्हणाली, "मले कायले विचारतं? मी तं येगळी निंगून राहिली." तो टेप गुंडाळून निघाला तशी तिनं हाक मारली. "अन् समज, राहिलीच मी, तं माझं तोंड भिताडाकडे पायजे. तुझी माय माझ्याकडे पाहत राह्यते तं मले मीठ टाकू का नको तेच समजत नाही. तिले नको सांगजो."

रीना म्हणाली, "मला फक्त उंच ओटा पाहिजे. अन् या तिघी माझ्या गंजाचं झाकण उघडून पाहून राहतात ना, ते बंद झालं पाहिजे. प्लीज, त्यांना सांगू नका."

'सांगू नको' म्हटलेलं प्रत्येक वाक्य त्यानं लिहून घेतलं. स्टोअरमध्ये तोंडी मागणी घेत नाहीत.

कोपराचं माप आलं ते असं: आई चौतीस इंच, काकू एकोणचाळीस, रीना बेचाळीस आणि बसलेली आजी पंधरा. त्यानं चौघींची सरासरी काढली. ती कोणाच्याच कोपराला लागेना, रीनाला वाकायला लावू लागली आणि आजीच्या तर डोक्यावरून जाऊ लागली. मग त्यानं आलेखाच्या कागदावर पहिला नकाशा काढला. त्यात आईला लागून काकू आली. दुसऱ्यात काकूचं तोंड भिंतीकडे केलं तर रीनाचा गंज, म्हणजे पातेलं, सगळ्यांच्या हाताखाली आला. तिसऱ्यात सगळं जमलं, पण दार राहून गेलं. पाचव्यात आजीला फ्रिज आणि नळ यांच्या मधोमध बसवावं लागलं. आठ दिवस तो ताटावर बसूनही बोटानं भातात रेघा ओढत होता. रीना बघायची आणि काही न बोलता पुन्हा भात वाढायची.

नवव्या दिवशी बसमध्ये उभ्या उभ्या त्याला उजेड पडला. खोलीला कोपरे चार असतात. घरात बायकाही चार होत्या. इतकी सोपी गोष्ट आपल्या लक्षात आली नव्हती, याची त्याला लाजच वाटली.

चार कोपऱ्यांत चार जागा. प्रत्येकीला आपापल्या मापाचा ओटा, आजीला जमिनीवर फरशी. प्रत्येकीची आपली शेगडी, आपला नळ, आपला मिठाचा डबा. कोणाचा कोपर कोणाला लागणार नाही, कोणाचं तोंड कोणाला दिसणार नाही. प्रत्येक कोपऱ्यापुढे त्यानं लाल शाईनं कारणं लिहिली, सुवाच्य अक्षरात, म्हणजे मिस्त्रीचा गोंधळ नको. आणि वरठीला जाऊन तो कागद लॅमिनेट करून घेतला, कारण बांधकामावर पाणी सांडतं.

शनिवारी सकाळी भैय्यालाल मिस्त्री दोन माणसं घेऊन आला. तासाभरात जुन्या स्वयंपाकघराची कवेलं उतरली आणि भिंती पडल्या. भांडी, डबे, शेगडी सगळं अंगणात ताडपत्रीखाली गेलं. अश्वजितची ड्युटीची वेळ झाली होती. त्यानं घाईघाईनं नकाशा मिस्त्रीच्या हातात दिला.

भैय्यालालनं तो लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला.

"चार चुली?" त्यानं हळूच विचारलं.

"चार."

"चारही येगळ्या?"

"एकदम येगळ्या. कोणाचा कोणाशी संबंध नको."

भैय्यालालनं डोक्याचा दुपट्टा सोडून खांद्यावर घेतला. "चिंधूभाऊले माहीत आहे हे?"

"काकाले कशाला त्रास द्यायचा? बांधून झालं की दिसनच त्याले."

"अन् बुढी?"

"तिची जागा तं मी पहिले पक्की केली. हे पाहा. कोपऱ्यात. खाली, जमिनीवर."

"धुरपताबाईले कोपऱ्यात," भैय्यालाल म्हणाला, "जमिनीवर."

"तिलेच तसं पायजे होतं."

"हो बावा," मिस्त्री म्हणाला, "म्हातारं मानूस दुसरं काय म्हणन." आणि त्यानं अश्वजितच्या पाठीवर हात ठेवला. आपल्या नकाशानं मिस्त्रीलाही गहिवरून आलं, या आनंदात अश्वजित कारखान्यात गेला. दिवसभर त्यानं तीन जणांना तो नकाशा तोंडी समजावून सांगितला.

चारच्या सुमाराला तो परत आला तेव्हा पानठेल्यावर कोणीतरी म्हणालं, "हिंमत ठेव गा अश्वजित. होत राह्यते घरोघरी." त्याला वाटलं, भिंती पाडल्या त्याबद्दल बोलत असतील. तो म्हणाला, "जुनं पाडल्याशिवाय नवं कसं होईन?" पानठेल्यावरचे सगळे खाली बघू लागले.

अंगणात शिरला तर माणसंच माणसं. शेजारची कलाबाई आजीच्या गळ्यात पडून रडत होती. आजी रडत नव्हती, पण कलाबाईच्या खांद्यावरून कुठंतरी दूर बघत होती. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष दादाजी आणि तीन सभासद बसले होते. चिंधूकाका उतरवलेल्या कवेलूंच्या ढिगावर पाठ करून बसले होते. आई, काकू आणि रीना तीन दिशांना तोंड करून उभ्या होत्या. भैय्यालाल मिस्त्री मान खाली घालून विटा मोजत होता.

"जयभीम," दादाजी म्हणाले. "बस. आम्ही समजुतीले आलो. दोन घरं होतात बावा, आम्ही पाहिले. तीनही पाहिले. पण एका दिवशी चार?"

"कोणाचे चार?"

"तुमचे."

अश्वजितनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "चंद्रकलानं केलं हे सगळं."

"मी?" काकू म्हणाली. "मी तं एक चूल म्हणलं होतं. चार कोनं केल्या? या नागपूरवालीनं."

"मला आत्ता बाबांचा फोन आला," रीना म्हणाली. "ते विचारून राहिले, की वेगळं निघायचं होतं तर आम्हाला काहून नाही सांगितलं. मलाच माहीत नाही हो मी वेगळी निघाली म्हणून!"

चिंधूकाका ढिगावरूनच, पाठ न वळवता म्हणाले, "मले एका शब्दानं विचारलं असतं बाबू."

एवढंच. पण त्यांचं ते वाक्य अश्वजितच्या काळजाला लागलं. बाप गेल्यावर काकांनी त्याला कधी जोरात हाकही मारली नव्हती. आपण जे वाचवायला निघालो तेच मोडून बसलो, हे त्याला हळूहळू समजू लागलं. अजूनही सावरता आलं असतं. 'चूक झाली' म्हणून तो दादाजींच्या पायाजवळ बसला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. पण त्याला वाटलं, लोकांनी नकाशा नीट पाहिलेला नाही.

"गैरसमज आहे," तो म्हणाला. "मी समजावून सांगतो. भैय्यालालभाऊ, नकाशा आणा."

दादाजींनी चष्मा लावला. दादाजींना वाचताना मोठ्यानं वाचायची सवय होती. चाळीस वर्षं ते शाळेत मास्तर होते.

"कोपरा क्रमांक एक. आजी. जमिनीवर. कारण..." त्यांनी कागद जवळ घेतला, "'येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येते.'"

कलाबाईनं हुंदका दिला.

"कोपरा क्रमांक दोन. रत्नमाला. 'चंद्रकलाकाकूपासून जास्तीत जास्त अंतर. तिचा कोपर लागतो. सांगायचं नाही.'"

"वा बाई," काकू म्हणाली.

"पुढचं नका वाचू, दादाजी," अश्वजित म्हणाला.

"कोपरा क्रमांक तीन. चंद्रकला. 'तोंड भिंतीकडे. कारण आईचं तोंड पाहून भाजी बिघडते.'"

"माझं तोंड?" आई म्हणाली. अंगणवाडीतल्या पोरानं पाटीवर पाणी सांडलं तर ती जशी बोलायची, तसा तिचा आवाज झाला होता. तो आवाज सगळ्या गावाला माहीत होता. एक सभासद खुर्चीत सरळ होऊन बसला.

"कोपरा क्रमांक चार. रीना. 'तिघी झाकण उघडून पाहतात. शक्य असल्यास गंजाला कुलूप.'"

कुलपाची कल्पना अश्वजितची स्वतःची होती. ती तरी आपली आहे, असं सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण रीनानं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती बघून त्यानं ते मिटलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. अशी नजर पहिल्यांदाच.

मग आजी उठली. काठी टेकत येऊन तिनं दादाजींच्या हातातला नकाशा घेतला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं फक्त चार कोपऱ्यांतल्या चार लाल चौकोनांवरून बोट फिरवलं.

"आजी, तूच म्हणाली होती ना," अश्वजित रडवेला होऊन म्हणाला, "खाली बसून रांधतो म्हणून."

"बसून रांधतो म्हणलं होतं," आजी म्हणाली. "एकटी रांधतो म्हणलं होतं काय?"

याचं उत्तर सतरा व्हिडिओंपैकी एकातही नव्हतं.

ऊन उतरलं. कोणी उठून जाईना. जाणं शक्यच नव्हतं. समजुतीला आलेला माणूस त्या घरचं न खाता उठला तर समजूत मोडली असं गाव धरतं. आणि खायला घालावं तर घरात स्वयंपाकघर नव्हतं. ते सकाळीच पडलं होतं. दादाजी एकदा खाकरले. मग सभासद खाकरला. कलाबाई रडणं थांबवून वास घेऊ लागली, पण कुठूनच वास येत नव्हता.

"चंद्रकला," आजी म्हणाली, "तीन इटा आन."

काकूनं पदर खोचला. मग पडलेल्या भिंतीतून तिनं तीन विटा उचलल्या आणि अंगणाच्या मधोमध आणून मांडल्या. आईनं, तिच्याकडे न बघता, कोठ्यातून लाकडं आणली. रीनानं तांदूळ धुतले. लाकडं ओली होती. आजीनं हातातला नकाशा विटांखाली खुपसला, पण तो लॅमिनेट केलेला. पेटेना. नुसता वास सुटला. मग काकूनं तो ओढून घेतला आणि त्यानं वारा घालू लागली. कडक, सपाट, हातभर लांबीचा कागद. जाळ भडकन वर आला. त्या नकाशाचा उपयोग झाला तो एवढाच.

भाताचा गंज उतरला, दाळीचा चढला. चौघी एका जाळाभोवती बसल्या, कोणी पाटावर, कोणी उपड्या डब्यावर. अश्वजित मोगऱ्याच्या कुंडीजवळ उभा राहून बघत होता. (त्याला बस असं कोणी म्हटलं नव्हतं.) काकू डाव्या हातानं ढवळत होती, आई समोरून उजव्या हातानं भेदरं, म्हणजे टोमॅटो, चिरून टाकत होती, आणि कोपराला कोपर लागत नव्हता. रीनाला वाकावं लागत नव्हतं. आजी कोणाच्या पायात येत नव्हती, कारण कोणी चालतच नव्हतं. पण चौघीही तोंडातून शब्द काढत नव्हत्या. अश्वजितला वाटलं, याच्यापेक्षा त्या भांडल्या तरी बरं होईल.

पंगत बसली. पंधरा पानं झाली. दादाजींनी पहिला घास घेतला, चावला आणि थांबले. त्यांनी सभासदांकडे पाहिलं. सभासदांनी चिंधूकाकांकडे पाहिलं. चिंधूकाकांनी दुसरा घास घेऊन खात्री केली.

"बाकी दाळ मस्त आहे," दादाजी म्हणाले.

दाळीत मीठच नव्हतं.

"बाई, तुमी नाही टाकलं?" काकूनं विचारलं. तासाभरातला तिचा हा पहिला शब्द.

"मी म्हटलं, टाकलं तं तुले राग येईन," आई म्हणाली. "मले वाटलं तूच टाकशील."

"माझ्याकडे पाहत होत्या ना तुमी. मी कशी टाकू?"

"मी तर भीतीनं डब्याला हातच नाही लावला," रीना म्हणाली.

तिघींनी आजीकडे पाहिलं.

"मी कायले टाकू?" आजी म्हणाली. "मी तं कोपऱ्यातली."

आधी काकू हसली. तिनं हसू दाबायला पदर तोंडावर घेतला, पण ते नाकातून निसटलं. मग आई हसली, आणि आई हसली की तिला ठसका लागायचा, तसा लागला. काकूनं तिच्या पाठीत डाव्या हातानं धपाटे घातले, आणि तिसऱ्या धपाट्याला तिचा कोपर आईच्या खांद्याला लागला.

"लागला पाहा परत!" आई म्हणाली, आणि त्या दोघी एकमेकींना धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. रीना तर खालीच बसली. चिंधूकाका कवेलूंच्या ढिगाकडे तोंड करून हसत होते, ते त्यांच्या पाठीवरून समजत होतं.

"आन तो डबा," आजी म्हणाली. रीनानं मिठाचा डबा दिला. आजीनं तो मांडीवर घेतला आणि पदर त्याच्यावर ओढला. "आजपासून मीठ माझं. बाकी सारं तुमचं. मले विचारल्याशिवाय कोनी मिठाच्या दाण्याले हात लावाचा नाही."

"अन् चूल?" दादाजींनी रीतसर विचारलं.

आजीनं काठीच्या टोकानं तीन विटांकडे दाखवलं. "हे काय, एकच तं आहे." दादाजींनी सगळ्यांच्या पानात चिमूट चिमूट मीठ पडेपर्यंत वाट पाहिली आणि मग पोटभर जेवले. कलाबाईनं तर दोनदा भात घेतला.

अश्वजितच्या डोळ्यांत पाणी आलं. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, की धूर फार आहे. विचारलं नाही कोणी. पण घर मोडलं नाही, एवढ्यानंच त्याचे पाय हलके झाले होते, आणि पुढचे दोन महिने घरात त्याचं नाव निघालं की चौघी एकदम 'अरे देवा' म्हणायच्या, तेही त्याला गोड लागलं. चौघींचं एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट होती.

नवं स्वयंपाकघर झालं. त्याचा नकाशा आजीनं अंगणातल्या मातीत काठीनं काढला. एक सरळ रेघ. भैय्यालालनं ती पावलांनी मोजली आणि बांधून टाकली. एक लांब ओटा, एक शेगडी. आई पाटावर उभी राहते. रीना तिच्या शेजारी स्टुलावर बसून चिरते. काकू डावीकडच्या टोकाला उभी राहते, म्हणजे तिचा डावा कोपर नुसत्या हवेला लागतो. (दीड मिनिटात हे काकूनंच ठरवलं.) दाराशी खाली आजी बसते, मांडीवर मिठाचा डबा घेऊन, आणि त्या डब्यासाठी चौघी भांडतात. पण ते भांडण आता चौघींना आवडतं.

इथं अश्वजितनं थांबायला हवं होतं.

पण एका सुटीच्या दिवशी चौघी लाखांदूरला लग्नाला गेल्या आणि त्याला नवं स्वयंपाकघर एकट्याला सापडलं. त्यानं सगळे डबे उतरवले, पुसले, अक्षरानुसार लावले आणि प्रत्येकाला नंबर दिला. हळद खण एकतीस. लाखोरी खण सव्वीस. आजीच्या पाटाखाली ठेवलेला मिठाचा डबा त्याला अस्ताव्यस्त वाटला. तो त्यानं खण सतरामध्ये, वरच्या फळीवर, मागच्या रांगेत ठेवला.

संध्याकाळी चौघी आल्या, दमलेल्या, भुकेल्या. आजीनं पाटाखाली हात घातला. मग पुन्हा घातला.

त्यापुढचं थोडक्यात सांगायचं तर आजीनं निकाल दिला, आणि बाकीच्या तिघींनी माना डोलावल्या. नव्या स्वयंपाकघरात अश्वजितनं पाय ठेवायचा नाही. ताट मिळेल, दोन्ही वेळा, बाहेर ओसरीवर. मधल्या वेळेला चहा पाहिजे असेल तर त्यानं आपला करून घ्यावा. अंगणात तीन विटा अजून होत्याच.

आता रविवारी सकाळी तो तिथं उकिडवा बसतो. लाकडं ओलीच असतात. वारा घालायला त्याच्याकडे तो कडक कागद आहे, कडा थोड्या वितळलेल्या, लाल शाई अजून स्पष्ट. आतून भाजीचा वास येतो, काकू आईला काहीतरी म्हणते, चौघी हसतात, आणि ते हसणं कशाबद्दल आहे ते त्याला बरोबर कळतं.

परवा भैय्यालाल मिस्त्री सायकलवरून जात होता. त्यानं तीन विटा पाहिल्या, त्यावरचा चहाचा गंज पाहिला, एकट्या बसलेल्या अश्वजितला पाहिलं, आणि सायकल भिंतीला टेकवून तो आत आला. डोक्याचा दुपट्टा सोडून त्यानं खांद्यावर घेतला.

"निंगाला काय गा येगळा?" त्यानं हळूच विचारलं.

अश्वजितनं जाळाला वारा घातला. भैय्यालालनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्याची नजर अश्वजितच्या हातातल्या कागदाकडे गेली.

"चाल, बरं आहे," तो म्हणाला. "नकाशा तं तुझ्यापाशी आहेच. सांग, कोणत्या कोपऱ्यातली बांधू?"